ब्रिटनमध्ये लिंग्विस्टिक्स आणि रायटिंगची बॅचलर डिग्री: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

बारावीनंतर लिहायचंही आहे आणि भाषा आतून कशी चालते तेही शिकायचंय, असं म्हणणारी मुलं आता बरीच भेटतात. त्यातल्या कुणाला ब्रिटनला जायचं असेल तर एक बरं आहे, बॅचलर डिग्रीचे जवळपास सगळे अर्ज युकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. एक अर्ज, त्यात जास्तीत जास्त ५ कोर्स, आणि पाचही ठिकाणी तोच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते स्वतःच्या शब्दांत सांगणारं लिखाण. तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय ते युनिव्हर्सिटीला सुरुवातीला दिसत नाही, त्यामुळे पहिला-दुसरा नंबर लावायची भानगड नाही. फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही.

आधी कोर्स नीट बघा, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लिंग्विस्टिक्स म्हटलं की घरच्यांना वाटतं फ्रेंच-जर्मन शिकणार. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी फोनेटिक्स, सिंटॅक्स, सिमँटिक्स असे विषय असतात, म्हणजे तोंडात आवाज कुठे तयार होतो, वाक्य कसं बांधलं जातं, अर्थ कुठून येतो, आणि पुढे लहान मुलं भाषा कशी शिकतात, समाजात बोली कशा बदलतात वगैरे. रायटिंगची बाजू वेगळी, तिथे वर्कशॉपमध्ये आपलं लिखाण सगळ्यांसमोर ठेवायचं, त्यावर चर्चा ऐकायची आणि परत लिहायचं. दोन्ही एकत्र हवं असेल तर जॉइंट डिग्री शोधा, उदाहरणार्थ लँकेस्टरला इंग्लिश लँग्वेज आणि क्रिएटिव्ह रायटिंग असा कोर्स आहे. इंग्लंडमध्ये डिग्री साधारण ३ वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ४, आणि एडिंबराच्या लिंग्विस्टिक्सच्या डिग्रीला एमए म्हणतात पण ती बॅचलरचीच लेव्हल आहे, तेव्हा नाव बघून बिचकू नका. कोर्सच्या पेजवर मोड्यूलची, म्हणजे शिकवल्या जाणाऱ्या विषयांची, यादी असते ती वर्षवार वाचा, सारख्या नावाच्या दोन कोर्समध्ये आत काय शिकवतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

पात्रतेचं बोलायचं तर लिंग्विस्टिक्सला बहुतेक ठिकाणी ठराविक विषयांची अट नसते, सायन्स-कॉमर्सची मुलंही चालतात. टक्के मात्र बघावे लागतात, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्या सीबीएसई-आयएससीला एक आकडा लावतात आणि स्टेट बोर्डला दुसरा, आणि काही ठिकाणी स्टेट बोर्डवाल्यांना आधी फाउंडेशन इयर, म्हणजे डिग्रीआधीचं तयारीचं एक वर्ष, करायला सांगतात. युनिव्हर्सिटीच्या साइटवर इंडियाचं वेगळं पेज असतं तिथे आपल्या बोर्डाचं नाव शोधा, नाव दिसलं नाही तर सरळ ॲडमिशन ऑफिसला ईमेल टाका, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा तत्सम टेस्ट लागते, तिचा स्कोअर २ वर्षं चालतो. काही युनिव्हर्सिट्या बारावीच्या इंग्रजीचे मार्क चांगले असतील तर टेस्ट मागतच नाहीत, तेव्हा टेस्टची फी भरण्याआधी विचारून घ्या.

आता फॉर्म. अकाउंट उघडायचं, पर्सनल डिटेल्स, मग शिक्षण, त्यात दहावी आणि बारावी दोन्ही टाकायचे, रिझल्ट यायचा असेल तर पेंडिंग दाखवायचं. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर सरनेम आणि गिव्हन नेम असे वेगळे रकाने असतात आणि कुणाकुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं, कुणाच्या नसतं, त्यामुळे पुढे व्हिसाच्या वेळी कागद जुळत नाहीत आणि धावपळ होते. रेफरन्स, म्हणजे तुमच्याबद्दलचा अभिप्राय, शिक्षकांचा लागतो, नातेवाईकांचा चालत नाही, आणि तो तुम्ही अपलोड करायचा नसतो, तो शिक्षकांनी स्वतः पोर्टलवर भरायचा असतो, सोबत बारावीत किती मार्क अपेक्षित आहेत तेही. आपल्याकडे खूप सरांना-मॅडमना ही पद्धत माहीत नसते, म्हणून दोन महिने आधीच जाऊन समजावून सांगा.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पर्सनल स्टेटमेंट. २०२६ च्या प्रवेशापासून तो एक सलग निबंध राहिलेला नाही, ३ प्रश्न असतात: हा विषय का शिकायचाय, आत्तापर्यंतच्या शिक्षणातून तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून स्पेससकट ४,००० कॅरेक्टर, प्रत्येक उत्तराला किमान ३५०. रायटिंगच्या कोर्सला अर्ज करताय म्हटल्यावर वाचणारा तुमचं लिखाणही वाचतोच. "मला लहानपणापासून भाषांची आवड आहे" हे हजारजण लिहितात. त्याऐवजी तुम्हाला खरंच पडलेला एखादा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, त्याने आंबा खाल्ला, त्याने चिंच खाल्ली, त्याने केळं खाल्लं, इथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. आणि मी चिंच खाल्ली म्हणताना "मी" ला "ने" लागत नाही, तरी क्रियापद चिंचेकडेच बघतं, असं का? मग त्यावर तुम्ही काय वाचलंत, हिंदीशी ताडून पाहिलंत का, कुठे अडलात, हे चार-पाच वाक्यांत आलं तरी तो माणूस थांबून वाचतो. आपली भाषा हे इथे आपलं भांडवल आहे, ते सोडून इंग्रजी साहित्याची तोंडपाठ नावं लिहिण्यात काही हशील नाही. आणि स्वतःच लिहा, युकॅस प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंट्सशी सॉफ्टवेअरने ताडून बघतं आणि साम्य जास्त सापडलं तर युनिव्हर्सिटीला कळवतं.

क्रिएटिव्ह रायटिंग असेल तर काही ठिकाणी कथा-कवितांचे नमुनेही मागतात. ते युकॅसमधून जात नाहीत, युनिव्हर्सिटी वेगळे मागवते, म्हणून ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघत जा.

तारखा: ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारीचा मध्य, २०२६ च्या प्रवेशाला ती १४ जानेवारी होती. वेळ तिकडची संध्याकाळी ६, म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि जानेवारीत साडेअकरा. मुदत हुकली तरी जागा असतील तिथे अर्ज चालतो, पण सगळ्या अर्जांचा सारखाच विचार होईल याची हमी मुदतीत आलेल्यांनाच.

ऑफर आल्या की एक फर्म, म्हणजे पहिली पसंती, आणि एक इन्शुरन्स, म्हणजे पहिली हुकली तर राखीव, म्हणून ठेवायची. आपल्या बोर्डाचे रिझल्ट युकॅसला आपोआप जात नाहीत, बारावीची मार्कशीट तुम्हीच युनिव्हर्सिटीला पाठवायची, आणि आपला रिझल्ट मे महिन्यात लागतो म्हणून तिकडच्या मुलांच्या आधीच तुमची ऑफर पक्की होऊ शकते.

ती पक्की झाली की युनिव्हर्सिटी कॅस नंबर, म्हणजे प्रवेश दिल्याच्या नोंदीचा नंबर, देते आणि त्यावर स्टुडंट व्हिसाचा अर्ज. पासपोर्ट, कॅसमध्ये उल्लेख असलेल्या मार्कशीट आणि टेस्टचा रिझल्ट, मान्यताप्राप्त सेंटरचं टीबी सर्टिफिकेट जे ६ महिने चालतं, आणि पैशांचा पुरावा. पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक राहण्याचा खर्च, नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिना १,५२९ पाउंड आणि बाहेर १,१७१, असा जास्तीत जास्त ९ महिन्यांचा, खात्यात सलग २८ दिवस पाहिजे, एक दिवसही कमी नको. खातं तुमचं किंवा आई-वडिलांचं, काका-मामाच्या खात्यावरचे पैसे धरत नाहीत. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची रक्कम, वर्षाला ७७६ पाउंड, तो पूर्ण व्हिसाच्या मुदतीचा एकदम भरावा लागतो, आणि हाच खर्च बरेचजण बजेटमध्ये धरायला विसरतात. कोर्स सुरू व्हायच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, निकाल साधारण ३ आठवड्यांत येतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंटला गर्दी होते, म्हणून २८ दिवसांची मोजणी जूनमध्येच सुरू करा.