उपजीविका-कौशल्य प्रशिक्षण, स्वयंसेवी संस्थांचे

दारिद्र्य, जात, वैधव्य, अपंगत्व किंवा अर्ध्यावर सुटलेली शाळा यांमुळे बऱ्या रोजगारापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या व्यक्तींना स्वतःच्या कमाईवर उभे राहता यावे, यासाठी विश्वस्त संस्था, नोंदणीकृत मंडळे व आश्रम यांनी चालविलेले व्यवसायशिक्षण. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेश शालेय गुणांवर मिळतो. येथे विद्यार्थ्याची निवड प्रामुख्याने त्याच्या गरजेवरून होते, हा पहिला भेद होय. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. शिवण, वायरिंग, रुग्णसेवा किंवा खाद्यपदार्थ तयार करणे यांची प्राथमिक कौशल्ये काही महिन्यांत शिकविता येतात. परंतु शिकणाऱ्या बाईला राहायला जागा, लहान मुलाला सांभाळणारे कोणी, यंत्रासाठी भांडवल आणि मालाला गिऱ्हाईक नसेल, तर प्रमाणपत्र पेटीत पडून राहते. महाराष्ट्रातील ज्या संस्थांचे काम टिकले, त्यांनी कौशल्याबरोबर या चारांपैकी निदान एकदोन गोष्टींची तजवीज केलेली दिसते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील कार्याचा परामर्श घेतला आहे.

आरंभाविषयीची मते : या कार्याचा आरंभ नेमका कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ख्रिस्ती मिशनांच्या उद्योगशाळा हा त्याचा उगम होय. धर्मांतरितांना जातीचा धंदा व बहुधा घरही सोडावे लागे, त्यामुळे त्यांच्या पोटापाण्याची सोय करणे मिशनांना भाग होते. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनने पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विणकाम सुरू केले आणि १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. कोकणात व गोव्यात घराघरांवर दिसणारी मंगलोरी कौले ही त्याच उद्योगाची देणगी होय. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने सुतारकाम, विणकाम इत्यादींचे शिक्षण दिले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांमुळे या वर्गांचा विस्तार झाला. तथापि बासेल मिशनचे कारखाने व्यापारी तत्त्वावर चालत आणि शिकलेला कामगार बहुधा त्याच कारखान्यात राही. त्यांना प्रशिक्षणापेक्षा आश्रित रोजगार म्हणणे अधिक योग्य ठरेल. अहमदनगरच्या शाळांना मात्र हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही.

दुसऱ्या मतानुसार पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन ही या परंपरेतील पहिली संस्था होय. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी आश्रयगृहाची योजना मांडली होती. शिक्षिका, परिचारिका, गृहव्यवस्थापिका अशा कामांचे शिक्षण घेऊन विधवेने स्वतंत्रपणे जगावे, ही कल्पना तीत स्पष्ट आहे. योजनेला पैसा पुरविण्यासाठी त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. म्हणजे बाहेरच्या देणगीवर स्थानिक वंचितांचे कौशल्यशिक्षण चालविण्याची, आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत येथे आरंभीच दिसते, आणि तिच्यातील ताणही लगेच दिसतो. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. तेथील आश्रितांच्या ख्रिस्ती धर्मांतराच्या वादात न्या. महादेव गोविंद रानडे व रा. गो. भांडारकर यांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. हा वाद सामान्यतः धर्माचा म्हणून सांगितला जातो. आश्रितांच्या जीवनावर देणगीदाराचा, संचालिकेचा की स्थानिक समाजाचा अधिकार, हा प्रश्नही त्यात होता.

दुष्काळानंतर केडगाव (जि. पुणे) येथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात उद्योगांची संख्या वाढली. विणकाम, शिवण, तेलघाणी, दुग्धव्यवसाय आणि शेती यांबरोबर तेथे छापखानाही होता. देवनागरी जुळणीचे, म्हणजे छपाईसाठी धातूच्या अक्षरांचे खिळे ओळीने लावण्याचे, काम विशेष कठीण असते. मात्रा, रफार, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांच्या पेटीला रोमन लिपीच्या पेटीपेक्षा कितीतरी अधिक घरे लागतात, प्रत्येक घर हाताला पाठ असावे लागते आणि जुळविलेली ओळ उलट्या अक्षरांत वाचावी लागते. दुष्काळी कामावरून किंवा रस्त्यावरून आणलेल्या, आश्रमात येईपर्यंत निरक्षर असलेल्या मुली काही वर्षांत जुळारी झाल्या, ही साधी गोष्ट नव्हे. रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. आश्रमाबाहेरच्या छापखान्यांत मात्र स्त्री-जुळाऱ्यांना त्या काळी फारसा वाव नव्हता. त्यामुळे हे कौशल्य बव्हंशी आश्रमाच्या आवारातच राहिले.

धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाचा (स्थापना १८९६, १९०० पासून हिंगणे येथे) उल्लेखही या संदर्भात होतो. कर्वे यांच्या द्वितीय पत्नी शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत्या. परंतु आश्रमाचा भर हस्तोद्योगापेक्षा शालेय शिक्षणावर व त्यातून मिळणाऱ्या शिक्षिकेच्या नोकरीवर राहिला.

सेवासदन : तिसरे मत सेवासदनाला अग्रमान देते. या संस्थेच्या स्थापनेची १९०८, १९०९ व १९१५ अशी तीन वर्षे आढळतात, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे बराच गोंधळ झालेला आहे. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी जुलै १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले व त्यासाठी रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांचे मार्गदर्शन घेतले. पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये रमाबाई व भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने, रानडे यांच्या वाड्यातील वर्गांच्या रूपाने सुरू झाले. पुण्याच्या संस्थेची स्वतंत्र नोंदणी सामान्यतः १९१५ मध्ये झाल्याचे मानले जाते. तेव्हा १९०८ हे वर्ष पुणे सेवासदनाला लावणे बरोबर नाही, आणि १९१५ हे वर्ष कार्यारंभाचे नव्हे. नोंदणीपेक्षा प्रत्यक्ष वर्ग सुरू होण्याला महत्त्व दिल्यास १९०९ हेच वर्ष ग्राह्य धरणे सयुक्तिक वाटते.

कालक्रमाने शारदा सदन पहिले असले, तरी प्रशिक्षणाची पद्धत म्हणून पुणे सेवासदनाचे वेगळेपण मानावे लागते. तेथे शिकलेली स्त्री संस्थेतच राहावी अशी अपेक्षा नव्हती. तिने बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षेला बसून बाहेर नोकरी करावी, अशी रचना होती. शिक्षिकांसाठी अध्यापिका विद्यालय निघाले आणि परिचारिका व सुइणी होऊ इच्छिणाऱ्यांना ससून रुग्णालयात शिक्षण मिळण्याची व्यवस्था झाली. यातील खरी अडचण अभ्यासक्रमाची नव्हती. परजातीच्या रुग्णाला स्पर्श करणे, रात्रपाळी करणे, पुरुष डॉक्टरांबरोबर काम करणे आणि बाहेरचे अन्न घेणे या चारही गोष्टी ब्राह्मण विधवेच्या घरच्यांना अमान्य होत्या. परिचारिका-विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वसतिगृह काढून सेवासदनाने या अडचणीतून वाट काढली. वसतिगृहाचा पत्ता व रमाबाईंचे नाव यांमुळे त्या कामाला घरंदाजपणाची हमी मिळाली. रुग्णसेवेला मराठी मध्यमवर्गात जी प्रतिष्ठा पुढे लाभली, तिच्यामागे या वसतिगृहाचा वाटा मोठा आहे. प्रौढ विवाहितांसाठी घरकाम आटोपून येता येईल अशा वेळी शिवण, भरतकाम व साक्षरतेचे वर्ग चालत.

स्त्रियांसाठीच्या या सर्व संस्थांचा आरंभीचा विद्यार्थिवर्ग, मुक्ती सदन वगळता, प्रामुख्याने उच्चवर्णीय होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात ग्रामीण शाळांतून शेती व आरोग्य यांसारखे व्यवहारोपयोगी विषय शिकवावेत अशी मागणी केली होती. परंतु बहुजन व अस्पृश्य समाजांसाठी संस्थात्मक प्रयत्न पुढे उशिराच झाले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने शाळा व वसतिगृहे यांना उद्योगशिक्षणाची जोड दिली. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. विधवेला कौशल्य शिकविणे म्हणजे तिला घराबाहेर आणणे होते. अस्पृश्य मुलाला शिकविणे म्हणजे जातीने लादलेल्या कामातून त्याला बाहेर काढणे होते, आणि नवे काम त्याच्या हातून घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही वर्गात सुटणारा नव्हता.

वर्धा : १९३४ मध्ये म. गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागद, तेलघाणी, मधुमक्षिकापालन इत्यादींचे शिक्षण ग्रामसेवकांना दिले जाई. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने उत्पादक हस्तव्यवसाय शालेय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला.

अपंगांसाठी कार्य : पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली व नंतर खडकीस हललेली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था हे आरंभीचे उदाहरण होय. दृष्टिहीनांसाठी १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, ही संस्था स्थापन झाली. वरोरा (जि. चंद्रपूर) येथे बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीच्या द्वारे उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरोगमुक्तांनी शेती, हातमाग, सुतारकाम, छपाई असे अनेक उद्योग चालविले. बधिर झालेल्या बोटांना भाजते वा कापते ते कळत नाही. त्यामुळे हत्याराच्या मुठी, कामाची विभागणी व जखमांची रोजची तपासणी हे तेथे प्रशिक्षणाचेच भाग ठरतात.

पत व बाजारपेठ यांची जोड : १९७० नंतरच्या संस्थांनी कौशल्याच्या अभावापेक्षा भांडवलाच्या अभावाकडे अधिक लक्ष दिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या सभासद गिरणी कामगारांच्या खानावळी चालविणाऱ्या बायका होत्या. स्वयंपाक त्यांना कोणी शिकवायचा नव्हता. सावकाराच्या व्याजातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे, हिशेब ठेवायला शिकविणे आणि एकीचे बळ देणे, हे मंडळाचे काम होते. म्हसवड (जि. सातारा) येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये निघालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा प्रवासही याच दिशेचा आहे. संस्थापक स्त्रिया निरक्षर असल्यामुळे परवाना प्रथम नाकारला गेला. त्यांनी साक्षरतेचे धडे गिरवून आणि तोंडी व्याज काढून दाखवून तो मिळविला. पुढे तेथे ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाचे वर्ग आणि ते गावोगाव नेणारी बसही सुरू झाली.

शहरी कामगार व तरुणांसाठी शासनाच्या साहाय्याने स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी श्रमिक विद्यापीठे हा वेगळा प्रवाह आहे. पहिले विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईत निघाले. २००० मध्ये त्यांचे नाव जन शिक्षण संस्थान असे झाले. शाळा सोडलेल्या मुलांसाठी अल्पमुदतीचे वर्ग घेणारा युवा परिवर्तन हा उपक्रम १९९८ मध्ये खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने सुरू केला. ही मूळ संस्था बाळ गंगाधर खेर यांनी १९२८ मध्ये स्थापिली होती.

निधी व त्याचे परिणाम : कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले व त्या कार्यांच्या यादीत रोजगारक्षम कौशल्यांचा समावेश आहे. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना (२०१४) व प्रधानमंत्री कौशल विकास योजना (२०१५) यांत अनेक संस्था प्रशिक्षण भागीदार झाल्या. पहिल्या योजनेत किमान ७० टक्के प्रशिक्षितांना नोकरी लावून देण्याची अट आहे. अट हेतूने चांगली असली, तरी तिच्यामुळे लवकर नोकरी लागेल असाच उमेदवार निवडण्याकडे कल वाढतो. ज्याला सर्वाधिक वेळ द्यावा लागेल, तोच प्रवेशाच्या वेळी मागे पडतो. स्त्रियांना शिवण व ब्यूटिपार्लर, पुरुषांना वायरिंग व मोबाइल दुरुस्ती ही वाटणीही अजून फारशी मोडलेली नाही.

पाबळचा प्रयोग : अल्पमुदतीच्या एककौशल्य अभ्यासक्रमांना महत्त्वाचा पर्याय पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमाने दिला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून १९८३ मध्ये तो स्थापन केला. शाळेत नापास झालेला मुलगा बुद्धीने कमी असतो असे नव्हे, हाताने काम करताना त्याची बुद्धी चालते, हे त्यांचे गृहीतक होते. अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन असे चार विभाग असून प्रत्येक विद्यार्थी चारही विभागांतून जातो, कारण गावात एकाच कामावर वर्षभर पोट भरत नाही. विद्यार्थी वेल्डिंग करून फाटक बनवितो, घराचे वायरिंग करतो, मातीचे परीक्षण करतो, रक्तगट व हिमोग्लोबिन तपासतो. ही कामे गावकऱ्यांसाठी असतात. सामानाचा खर्च व मजुरी यांचा हिशेब विद्यार्थ्यालाच मांडावा लागतो. ओबडधोबड जोड दिलेले फाटक गिऱ्हाईक परत आणते, आणि गुणपत्रिकेपेक्षा ही परीक्षा अधिक खरी असते.

याच अभ्यासक्रमाच्या शाळांसाठीच्या रूपात, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख या विषयात, आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस असे काम करतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू बनविण्याची प्रयोगशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या आरंभीच्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. गावातला सुतार, वायरमन किंवा शेतकरी हाच शिक्षक असावा, यावर कलबाग यांचा आग्रह होता. बी.एड. नसलेल्या अशा निदेशकाला शाळेच्या वेतनश्रेणीत जागा नसल्यामुळे त्याचे मानधन बहुधा स्वयंसेवी संस्थांना किंवा देणगीदारांना द्यावे लागते, आणि या विषयाच्या प्रसाराला पडलेली मोठी मर्यादा हीच आहे.