हेलिकॉप्टर आपलं, इंजिनाची चावी कुणाकडे?

21 जून 1972. फ्रान्सचा वैमानिक जाँ बुले एकटाच एका छोट्या हेलिकॉप्टरमधून निघाला आणि 12,442 मीटर उंचीवर पोहोचला. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन हजार मीटर वर. बाहेर उणे साठ अंशांच्या खालची थंडी. उतरायचं म्हणून त्यानं इंजिनाची शक्ती कमी केली आणि इंजिन विझलं, ते पुन्हा पेटलंच नाही. मग खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर नुसत्या फिरत राहिलेल्या पंख्याच्या भरवशावर तो सुखरूप जमिनीवर आला.

त्या हेलिकॉप्टरचं नाव लामा, आणि ते मुळात आपल्या सैन्याच्या हिमालयातल्या गरजेसाठी घडवलेलं होतं. आपण त्याला चीता म्हणतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं, म्हणजे एचएएलनं, ते परवान्यावर बनवलं. सियाचिनच्या चौक्यांवर रॉकेल आणि औषधं नेणारं, आजारी जवानाला खाली आणणारं हेलिकॉप्टर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सैनिक त्याला ओळखतात.

गोव्यात वास्कोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं चीताचा भाऊबंद शोभावा असा चेतक उभा आहे. त्याच्या पाठीवर इंजिन उघडंच बसवलेलं दिसतं, वर झाकण नाही. तिथं गेलात तर दोन मिनिटं थांबून ते नीट पाहा. या लेखातली सगळी गोष्ट त्या नळकांड्यात आहे.

हेलिकॉप्टर उडतं ते हवा खाली ढकलून. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरते. म्हणजे पंख्याला ढकलायला हवा कमी, आणि त्याच वेळी इंजिनालाही जाळायला हवा कमी. गरज वाढते तेव्हाच ताकद घटते. लामाच्या आर्तूस्त इंजिनाची मूळ क्षमता 870 अश्वशक्तीची, पण ती मुद्दाम 550 वर बांधून ठेवली होती. खाली असताना ही शिल्लक वापरायचीच नाही. वर, जिथं हवा विरळ होते आणि इंजिन दमायला लागतं, तिथं ती कामी येते. उंचीवरच्या उड्डाणाचं गणित असं इंजिनातल्या शिल्लकीवर चालतं.

हे इंजिन बनवणं इतकं अवघड का? आत डोकावून पाहू. समोरून आलेली हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं आणि तो तप्त झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. लहान इंजिनातलं हे पातं बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नसतं. ज्या चक्रावर ते बसतं ते मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेतं. डोक्यावरचा पंखा मात्र मिनिटाला तीनशेच्या आसपास फिरतो, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो. लालभडक तापलेल्या अवस्थेत त्या पात्याला बाहेर खेचणारा ताण भयंकर असतो. साधा धातू हळूहळू ताणला जातो आणि तुटतो, कारण तो असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो आणि उष्णतेत त्या कणांच्या सांध्यांवरच तो हार मानतो.

उपाय असा की सांधेच ठेवायचे नाहीत. अख्खं पातं एकाच स्फटिकाचं करायचं. आपले ओतारी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर माती चढवतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातू ओततात. इथंही सुरुवात तशीच होते, फक्त मातीच्या जागी खास सिरॅमिक असतं. नंतर निकेलच्या मिश्रधातूनं भरलेला तो साचा भट्टीच्या गरम भागातून अतिशय सावकाश खाली सरकवतात, मिनिटाला काही मिलिमीटर. धातू तळापासून गोठत येतो. तळाशी पिळाची एक अरुंद वाट ठेवलेली असते. त्या वळणांतून अनेक स्फटिक वाढायची धडपड करतात, वर निघतो एकच, आणि पुढं सगळं पातं त्याच्यातूनच वाढतं. मिश्रधातूत काय किती घालायचं, भट्टीचं तापमान कुठं किती ठेवायचं, साचा कशाचा करायचा, हे सगळं ज्ञान दशकांच्या फसलेल्या प्रयोगांतून आलेलं आहे. इंजिनाचा नकाशा हातात आला म्हणून ते येत नाही. म्हणूनच मोजक्या देशांकडे ही विद्या आहे आणि म्हणूनच ती राजकारणाचं हत्यार होते.

आपल्याला याचा चटका 1998 साली बसला. तेव्हा ध्रुव हेलिकॉप्टर घडत होतं. ऑगस्ट 1992 मध्ये ते पहिल्यांदा उडालं होतं आणि त्याच्यासाठी अमेरिकेतल्या भागीदारीतून येणारं, जास्त ताकदीचं सीटीएस 800 इंजिन निवडलेलं होतं. त्या इंजिनावर एक नमुना उडवूनही झाला होता. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेनं निर्बंध लादले आणि इंजिनाची वाट बंद झाली. मग फ्रान्सच्या टर्बोमेका कंपनीचं सुमारे हजार अश्वशक्तीचं टीएम 333 इंजिन घेऊन ध्रुव 2002 पासून सैन्यात दाखल झालं. पण सैन्याला 6,500 मीटर उंची हवी होती आणि इंजिनाच्या ताकदीअभावी ध्रुव 5,000 मीटरच्या वर जाऊ शकत नव्हतं. महालेखापरीक्षकांनी 2010 मध्ये हे लेखी नोंदवलं. तोवर सियाचिनचा भार जुन्या चीतांनीच वाहिला. चाचण्यांच्या निर्णयाबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. पण त्याची किंमत कुणी चुकवली असं कुणी विचारलं, तर त्या यादीत बर्फातल्या चौकीवर हेलिकॉप्टरची वाट पाहणाऱ्या जवानाला मी आधी धरीन.

त्याच निर्बंधांत नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरंही जमिनीवर बसली. कुलाब्याच्या तळावरून पाणबुड्या शोधायला उडणारी ही हेलिकॉप्टरं बनली होती ब्रिटनमध्ये, पण मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्कीचा, आणि सुटे भाग त्यामुळं अडकले. विकणारा एक आणि नाही म्हणणारा दुसराच, हे खरेदीच्या करारात दिसत नाही.

सीटीएस 800 पुढं पुन्हा बातमीत आलं ते तुर्कस्तानमुळं. हे इंजिन ब्रिटिश रोल्स-रॉइस आणि अमेरिकी हनीवेल मिळून बनवतात आणि तुर्कस्तानच्या टी 129 या लढाऊ हेलिकॉप्टरात तेच आहे. 2018 मध्ये पाकिस्ताननं अशी 30 हेलिकॉप्टरं सुमारे दीड अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. अमेरिकेनं इंजिनाचा निर्यात परवाना दिला नाही, आणि अखेर पाकिस्तान चीनकडे वळला. याच हेलिकॉप्टराची सहा फिलिपीन्सनं मागितली तेव्हा परवाना मिळाला आणि पहिली दोन 2022 मध्ये पोहोचलीही. यंत्र तेच, इंजिन तेच, फक्त गिऱ्हाईक वेगळं. तुर्कस्ताननं यातून योग्य तो धडा घेतला. स्वतःचं टीएस 1400 इंजिन तयार केलं आणि 2023 मध्ये त्यावर गोकबे हेलिकॉप्टर उडवलं.

चीननं आडवाट धरली होती. झेड 10 या लढाऊ हेलिकॉप्टराच्या विकासासाठी कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीची दहा इंजिनं, अमेरिकेच्या निर्यात नियमांना बगल देऊन, 2001 आणि 2002 मध्ये चीनला पोहोचली. पुढं हे प्रकरण अमेरिकेत उघड झालं आणि 2012 मध्ये कंपन्यांनी साडेसात कोटी डॉलरहून जास्त दंड भरायचं मान्य केलं. चीनला देशी, कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. आणि रशिया? त्याच्या हेलिकॉप्टरांची इंजिनं युक्रेनच्या झापोरिझ्झ्यात बनायची. 2014 मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला, तो पुरवठा आटला आणि घाईघाईनं सेंट पीटर्सबर्गला उत्पादन वाढवावं लागलं.

आपणही हात बांधून बसलो नाही, हे सांगायलाच हवं. 2003 मध्ये टर्बोमेकाबरोबर करार करून एचएएलनं शक्ती हे 1,400 अश्वशक्तीच्या वर्गातलं इंजिन मिळून विकसित केलं. त्यामुळं ध्रुव खऱ्या अर्थानं हिमालयात गेलं. कारगिलच्या अनुभवातून जन्मलेलं ‘प्रचंड’ हे लढाऊ हेलिकॉप्टरही याच इंजिनावर उडतं. मार्च 2025 मध्ये अशा 156 प्रचंडांसाठी सुमारे 62,700 कोटी रुपयांचे करार झाले. प्रत्येकी दोन, म्हणजे 312 इंजिनं, बदलीची वेगळी.

तरी मिळून बनवणं आणि स्वतः बनवता येणं यातलं अंतर मोठं आहे, आणि ते पात्याच्या धातूतच मोजावं असं मला वाटतं. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं एकस्फटिकी पाती बनवून त्यातली 60 पाती 2021 मध्ये एचएएलला दिली. ती बातमी वर्तमानपत्रांत छोटीशीच आली होती. माझ्या लेखी ती कुठल्याही मोठ्या खरेदी कराराइतकी मोलाची होती. एचएएलचं स्वतःचं एचटीएसई 1200 इंजिन 2018 मध्ये बंगळुरूत पहिल्यांदा चाचणीच्या चौकटीवर सुरू झालं. ते हेलिकॉप्टरात बसायला अजून बराच पल्ला आहे, आणि या पल्ल्यात पैसा आणि माणसं दोन्ही सलग लागतात. मधेच निधी आटला की भट्टीजवळची अनुभवी माणसं पांगतात, मग पुन्हा पहिल्यापासून.

चीताच्या जागी यायचं हलकं हेलिकॉप्टर एचएएलनं घडवलंय. आराखडा आपला, सांगाडा आपला, एकच इंजिन. ते इंजिन आर्दिदें घराण्यातलं, फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बोर्द गावात असलेल्या त्याच, पूर्वी टर्बोमेका म्हणवणाऱ्या कंपनीचं. 1972 मध्ये जाँ बुलेला वर नेणारं आर्तूस्त इंजिनही त्याच कंपनीचं होतं.