रायफल रेस्टची पार्श्वभूमी: स्थैर्याची गरज आणि धक्क्याचा प्रश्न

रायफलच्या सरावासाठी रेस्ट, म्हणजे बंदूक टेकवण्याचा टेकू, निवडू पाहणाऱ्याला बाजारात दोन अगदी वेगळ्या हेतूंनी घडवलेली साधने एकाच नावाखाली मिळतात. त्यांपैकी एक बंदूक स्थिर ठेवते, तर दुसरे खांद्याला बसणारा धक्का कमी करते. या दोन गरजा वेगवेगळ्या काळात निर्माण झाल्या.

पहिला टेकू आला तो निव्वळ वजनामुळे. 16व्या शतकातील स्पॅनिश मस्केट ही बंदूक इतकी जड होती की सैनिकाला तिच्यासोबत दुबेळक्याची काठी बाळगावी लागे. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि 17व्या शतकात ती काठी हळूहळू मागे पडली. आपल्याकडेही गडकोटांवरच्या लांब, अवजड जेजाला (मोठ्या बंदुका) तटाच्या आधारानेच चालवल्या जात.

अचूकतेसाठी टेकू वापरण्याची परंपरा मात्र प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. 1901 साली नेमबाज सी. डब्ल्यू. रोलंड यांनी टेकूवरून 200 यार्डांवर झाडलेल्या 10 गोळ्या 0.725 इंचाच्या गटात बसल्या, आणि हा गट पुढे कित्येक वर्षे आदर्श मानला गेला. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांना गोळी नेमकी कशामुळे भरकटते हे शोधायचे होते. माणसाच्या हाताची चूक मोजमापातून पूर्णपणे वगळता यावी म्हणून त्यांनी काँक्रीटच्या भक्कम पायावर टेकू उभारला आणि आपले निष्कर्ष 1909 साली ग्रंथरूपाने मांडले. बंदूक स्थिर ठेवणाऱ्या आजच्या प्रत्येक रेस्टमागे हाच विचार आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेंचरेस्ट, म्हणजे बाकाशी बसून टेकूवरून केलेली अचूक नेमबाजी, हा स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून संघटित झाला. रायफलीच्या पुढच्या भागाखाली वाळूची पिशवी लावलेले स्टँड आणि मागे दस्त्याखाली सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे असलेली पिशवी, ही मांडणी तिथे रुळली. या नेमबाजांनी धक्क्याचा प्रश्न रेस्टने नव्हे, तर काडतुसाने सोडवला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. 1950 साली आलेले .222 रेमिंग्टन आणि 1970च्या दशकातील 6 मिमी पीपीसी ही सौम्य काडतुसे त्यांनी आपलीशी केली.

धक्का शोषणाऱ्या रेस्टची गरज शिकारी रायफलींमुळे भासली. .458 विंचेस्टर मॅग्नम 1956 साली, 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम 1962 साली आणि .300 विंचेस्टर मॅग्नम 1963 साली, अशी जोरदार काडतुसे बाजारात आली. उभ्याने गोळी झाडली की शरीर धक्क्याबरोबर मागे जाते. बाकावर पुढे झुकून बसलेल्या माणसाचा खांदा तो जवळजवळ पूर्ण सोसतो. त्यामुळे रायफलीवरची दुर्बीण जुळवण्यासाठी ओळीने गोळ्या झाडताना नेमबाज दचकू लागतो आणि घोडा झटक्याने ओढला जातो. यावर उपाय म्हणून दस्त्याला मागून अडवणारी आणि शिशाच्या पिशव्यांनी जड करता येणारी चौकट, म्हणजेच स्लेड, पुढे आली.

तिच्यामागचे गणित सोपे आहे. 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 850 मीटर वेगाने सुटली आणि दारूच्या वायूंचा वाटा धरला, तर 4 किलोची रायफल साधारण 3 मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा सुमारे 18 ज्यूल असते. रायफलीला 20 किलोच्या स्लेडची जोड दिली, तर हा वेग अर्ध्या मीटरवर आणि ऊर्जा 3 ज्यूलवर उतरते. मात्र वजन इतके वाढवले की स्लेड सरकेनाच, तर तो सगळा ताण दस्त्यावर आणि दुर्बिणीच्या बैठकीवर येतो, आणि लाकडी दस्त्याला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून स्लेडला थोडे मागे सरकण्याची मोकळीक ठेवणे आणि रायफल नळीवर न टेकवता दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवणे, या दोन गोष्टी निवडतानाच तपासाव्यात.

महाराष्ट्रातील बहुतेक नेमबाज एअर रायफल किंवा पॉइंट टू-टू (.22 बोअरची छोटी रायफल) यांवर सराव करतात. या रायफलींचा धक्का नगण्य असतो, आणि ऑलिंपिक प्रकारांत टेकूला परवानगीही नाही. अशा नेमबाजांना रायफल किंवा गोळ्यांचा लॉट (एकाच वेळी बनलेला साठा) तपासण्यापुरता पुढचा स्टँड आणि मागची पिशवी पुरते. स्लेडवरचा खर्च मोठ्या बोअरच्या रायफलीसाठीच योग्य ठरतो.