विमानात कार सीट नेताना: दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

‘विमानासाठी सगळ्यात चांगली कार सीट (गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट) कोणती?’ हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे, अशा सीट निवडून बसवून बघणाऱ्यांकडे, येतात आणि आम्ही उलटे प्रश्न विचारायला लागतो. मूल मान धरतं का? टेकू न देता बसतं का, आणि बसलं तर किती वेळ? सीटचं नंतर बघू. काही मुलांना विमानात वेगळी सीट लागतच नाही, आणि काहींना जी लागते ती विमानात बसवता येत नाही. यातलं आपलं मूल कुठे बसतं, हे तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं.

गाडीतली सीट विमानात का अडते

विमानाच्या साध्या सीटला फक्त कंबरेचा पट्टा असतो. खांद्यावरून येणारा पट्टा नाही, आयसोफिक्स (गाडीच्या सीटमधल्या कड्यांत कार सीट अडकवायची सोय) अडकवायला जागा नाही, आणि कार सीटच्या माथ्यावरून मागे ओढून बांधतात तो टेदर, म्हणजे पट्टा, अडकवायलाही काही नाही. त्यामुळे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा लावू देणारी बैठक, बाद होतो. त्याचं सगळं काम खांद्याच्या पट्ट्यावर चालतं, आणि अमेरिकेत तर विमान उडताना-उतरताना तो वापरायला मनाईच आहे. दिव्यांग मुलांसाठी मुद्दाम बनवलेल्या, भरपूर आधार देणाऱ्या मोठ्या सीटही बऱ्याचदा इथेच अडतात, कारण त्यांना टेदर सक्तीचा असतो. म्हणून सीटच्या माहितीपुस्तिकेत आधी एवढंच शोधा: ही सीट नुसत्या कंबरेच्या पट्ट्याने बसवता येते का?

मग लेबल. अमेरिकन मानकाच्या सीटवर ती मोटारगाडीत आणि विमानात वापरायला प्रमाणित असल्याचं वाक्य लाल अक्षरांत छापलेलं असतं. युरोपीय मानकाच्या काही सीटवर टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचं ‘फॉर यूज इन एअरक्राफ्ट’ हे लेबल असतं. लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच. दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सीट उलटी करून लेबल दाखवणं, तेही कडेवर मूल असताना, फार अवघड जातं.

रुंदी

इथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. सुरुवातीच्या काळात आम्ही एका कुटुंबाला दोन्ही बाजूंना जाड आधार असलेली सीट दिली होती. मुलाला ती छान बसली, विमानात मात्र ती विमानाच्या सीटच्या दोन हातांच्या मध्ये शिरेना. तेव्हापासून टेप घेतल्याशिवाय आम्ही बोलत नाही. इकॉनॉमीतली सीट साधारण ४३ ते ४६ सेंटीमीटर रुंद असते. कार सीट तिच्या सर्वांत रुंद भागात, म्हणजे कप ठेवायचा खण आणि बाजूचे आधार धरून, ४१ सेंटीमीटरच्या आत असेल तर बहुतेक विमानांत बसते.

पाय पसरायला जागा मिळते म्हणून पालक सगळ्यात पुढची रांग मागून घेतात. आमचं मत विचाराल तर ती टाळा. तिथे जेवणाचा ट्रे सीटच्या हातांत बसवलेला असतो, त्यामुळे हात वर उचलत नाहीत आणि बसायची जागाही अरुंद होते. शिवाय काही विमानांत पुढच्या रांगांच्या पट्ट्यांमध्ये एअरबॅग असते, आणि अशा पट्ट्याने कार सीट बांधता येत नाही. खिडकीकडची जागा घ्या, म्हणजे कुणाची बाहेर पडायची वाट अडत नाही. संकटकालीन दाराची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांग कार सीटसाठी नसते.

मुलाला कुठे आधार हवा

मान धरत नसलेल्या मुलाला मागे कलणारी सीट हवी. पण विमानाची पाठ आणि गाडीची पाठ यांचा उतार सारखा नसतो, त्यामुळे घरी बरोबर वाटलेला कोन तिथे बदलतो. डोकं पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल चालतो, पण डोकं सीटला पट्टीने बांधायचं नाही, कधीच नाही. मूल आणि हार्नेसच्या (कार सीटमध्ये मुलाला बांधणाऱ्या) पट्ट्यांमध्ये उशी किंवा जाड जाकीटही नको.

सेरेब्रल पाल्सीमध्ये (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा न राहण्याच्या स्थितीत) अंग अचानक ताठ होऊन मूल पुढे सरकतं किंवा पट्ट्याखालून निसटतं. तिथे पाच ठिकाणी धरणारं हार्नेस आणि मांड्यांमधला पट्टा महत्त्वाचा. मूल खाली घसरत असेल तर त्या पट्ट्याच्या आणि अंगाच्या मध्ये कापडाची लहान घडी ठेवता येते. ती आम्ही दाखवतो, पण तुमच्या थेरपिस्टनी एकदा पाहिलेली असावी. गळ्यात ट्रेकिऑस्टोमीची (श्वासासाठी बसवलेली) नळी असेल तर पुढे ढालीसारखा भाग असलेली सीट घेऊ नका, नुसते पट्टे असलेली घ्या. पोटावर गॅस्ट्रोस्टोमीचं (थेट पोटात अन्न देण्यासाठी बसवलेलं) बटण असेल तर पट्टा त्याच्यावर येत नाही ना, हे आमच्यासमोरच पाहा. कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर असलेल्या मुलाला नेहमीची सीट बहुधा चालतच नाही. तिथे आधी डॉक्टर, मग आम्ही.

वजन ब्रेसेस (हातापायांना किंवा पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि बूट घालूनच करा. सीटवर लिहिलेली मर्यादा त्या सगळ्याला धरून असते. मूल पुढे तोंड करून बसणार असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून निघायला हवेत. मागे तोंड करून असेल तर पातळीला किंवा किंचित खालून.

सीटऐवजी नुसते पट्टे

केअर्स नावाचं हार्नेस फक्त विमानासाठी आहे. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. विमानाच्या सीटच्या पाठीला वेढून बसतं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. १० ते २० किलो वजनाच्या आणि साधारण एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी आहे. स्वतः सरळ बसणाऱ्या, पण एका जागी न थांबणाऱ्या मुलासाठी आम्ही हेच सुचवतो. एका बाजूला कलणाऱ्या मुलाला मात्र त्याचा आधार पुरत नाही. आणि उतरल्यावर टॅक्सीत ते वापरता येत नाही, तिथली सोय वेगळी करावी लागते.

एअरलाइनशी बोलताना

कार सीटसाठी मुलाच्या नावाने स्वतंत्र जागा घ्यावी लागते, मूल दोन वर्षांच्या आतलं असलं तरी. फोन बुकिंगच्या वेळीच करा. युरोपीय संघाच्या नियमात मदतीसाठी ४८ तास आधी कळवायला सांगितलं आहे, पण सीटच्या बाबतीत आम्हाला तेवढा वेळ कमी वाटतो. मॉडेलचं नाव, रुंदी आणि लेबलवरचा मजकूर सांगा, उत्तर ईमेलवर लेखी मागा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. वैद्यकीय माहितीचा फॉर्म भरायचा आहे का, तेही विचारा. व्हीलचेअरला काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर तिचे वॉट-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, सांगावे लागतात. विमानाचं बकल कधी कधी नेमकं मुलाच्या पाठीशी येऊन टोचतं. तसं होत असेल तर पट्टा वाढवायचा तुकडा क्रूकडेच मागा, बाहेरून विकत घेतलेला वापरू नका.

घरच्या घरी

जमिनीवर खडूने ४३ सेंटीमीटर अंतरावर दोन रेघा मारा, त्यांच्यामध्ये खुर्ची आणि खुर्चीवर सीट ठेवा. एकाने सीट घट्ट धरून उभं राहायचं, मग मुलाला बसवून पट्टे लावायचे. तासभर बसवून बघा. उठवल्यावर पाठ, माकडहाड आणि मांड्यांची त्वचा पाहा. लाल डाग थोड्या वेळात गेला नाही तर ती सीट लांबच्या प्रवासाला नको. स्पायना बायफिडासारख्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) स्थितीत मुलाला दुखल्याचं कळतच नाही, तिथे तर हे पाहणं चुकवू नका.

आमच्याकडे येताना मुलाला, त्याच्या ब्रेसेस आणि सध्याची सीट घेऊन या. थेरपिस्टची चिठ्ठी असेल तर तीही. मूल दमलेलं नसेल अशी वेळ घ्या आणि दीड तास हाताशी ठेवा. जुनी सीट अपघातातून गेली असेल किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल, तर ती फक्त मापासाठी आणा.