गुन्हा नोंदवला नसला तरी निवारा मिळतो

‘आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा, मगच सरकारी मदत मिळते’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. या समजापायी बायका मार खात घरातच राहतात, म्हणून नीट सांगते.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ६ निवाऱ्याचं, कलम ७ उपचारांचं. दोन्हीकडे नुसती विनंती पुरते. याच कायद्याच्या २००६च्या नियमांत (१६ आणि १७) तर स्पष्टच आहे: संरक्षण अधिकाऱ्याकडचा (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची लेखी नोंद, बाईने आधी दिला नाही, एवढ्यावरून निवारागृहाने किंवा दवाखान्याने तिला परत पाठवायचं नाही. मग गुन्हा नोंदवण्याची अट कुठून येणार? तिची इच्छा असेल तर निवारागृहाने तिची ओळखही उघड करायची नाही.

वकीलही मोफत; महिलांना उत्पन्नाची अट नाही. खात्री करायची तर ही कलमं वाचा, नाहीतर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावून विचारा.