कॉर्डलेस फोन (घरगुती)

कॉर्डलेस फोन : लँडलाइनवरच चालणारा, पण रिसीव्हर आणि मूळ संच यांच्यामधली गुंडाळीची वायर काढून तिथे रेडिओलहरी वापरणारा घरगुती दूरध्वनी. संचाचे दोन भाग असतात. भिंतीजवळ राहतो तो ‘बेस’ आणि घरभर फिरतो तो ‘हँडसेट’. नावात ‘कॉर्डलेस’ असले तरी सुटका होते ती हँडसेटचीच. बेसला एक टेलिफोनची आणि एक विजेची अशा दोन वायरी असतातच, आणि या फोनच्या बहुतेक तक्रारी शेवटी त्या दोन वायरींपाशी येऊन थांबतात.

अमेरिकेतील हौशी रेडिओचालक जॉर्ज स्वायगर्ट यांना अशा यंत्रणेचे पेटंट १९६९ साली मिळाले. घरोघरी पोचायला मात्र १९८०चे दशक उजाडले. ४६ ते ४९ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या संचांत शेजारच्या घरातले बोलणे सहज ऐकू येई. सुरुवातीच्या काही संचांना सुरक्षा-संकेतच नव्हता, त्यामुळे दुसऱ्याच्या लाइनवरून फोन लावून बिल त्याच्या माथी मारणेही शक्य होते. १९९२ मध्ये युरोपात ‘डेक्ट’ हे डिजिटल मानक आले. त्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखलेला आहे. त्यात १० वाहक लहरी आणि प्रत्येकीवर १२ संभाषणे बसतात, आणि मोकळी जागा कोणती ते संच स्वतःच शोधतो. याच मानकाच्या पायावर आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने ‘कॉरडेक्ट’ उभे केले. खेड्यात तांब्याची तार न ओढता काही किलोमीटरवरच्या घरात फोन देणे हा त्याचा हेतू होता.

परदेशातून आणलेल्या संचाबाबत सावध राहिलेले बरे. अमेरिकेतले ‘डेक्ट ६.०’ फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि भारतात तो भाग मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. न्यू जर्सीहून भावाने हौसेने आणलेला फोन पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सुरू केला, तर घरात सारे ठीक वाटते आणि त्रास मात्र जवळच्या टॉवरला होतो. शिवाय त्याचा अ‍ॅडॉप्टर अनेकदा फक्त १२० व्होल्टचा असतो. तसा अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळालाच म्हणून समजावे.

जोडणी सोपी आहे. लाइनमनने भिंतीवर बसवलेल्या रोझेटमधून, म्हणजे जोडणीच्या डबीतून, आलेली वायर बेसच्या मागच्या ‘लाइन’ खाचेत जाते. फायबरची जोडणी असेल तर बेसची वायर भिंतीऐवजी मोडेमच्या ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत लावावी. तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल, तर मध्ये फोन आणि इंटरनेटच्या लहरी वेगळ्या करणारा स्प्लिटर हवा, नाहीतर बोलताना सतत खरखर येते. बेस घराच्या मध्यावर, थोडा उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटामागे किंवा जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीआड ठेवला, तर मोकळ्यावर ३०० मीटरपर्यंत जाणारी पोच स्वयंपाकघरापर्यंतही टिकत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा संच असेल, तर वायफाय आणि मायक्रोवेव्हपासूनही लांब ठेवावा. डेक्टला तो त्रास नाही.

सेल घातल्यावर पहिले चार्जिंग पूर्ण होऊ द्यावे. संचानुसार त्याला ६-७ पासून १५-१६ तासही लागतात, आणि घाई नेमकी इथेच होते. हँडसेटमध्ये पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेलच घालायचे. आकार सारखा म्हणून घड्याळातले किंवा रिमोटचे साधे सेल घातले, तर चार्ज होताना ते गळतात, कधी फुटतातही. दुसरा हँडसेट जोडायचा असेल, तर बहुतेक संचांत बेसवरचे शोध-बटण काही सेकंद दाबून हँडसेटवर पिन घालावा लागतो. अनेकदा तो ०००० असतो. जोडणी झाली की तो लगेच बदलावा. डेक्टवरचे बोलणे चोरून ऐकता येते हे संशोधकांनी २००८च्या अखेरीस दाखवले होते. नव्या मानकात जुन्याहून मजबूत सांकेतिक यंत्रणा आहे.

नंबर साठवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. जुन्या यादीतले मोबाइल नंबर तसेच राहिले, की फोन बिघडला अशी तक्रार सुरू होते.

लाइट गेली की बेस बंद, म्हणजे फोनही बंद. साध्या वायरच्या फोनला एक्स्चेंजमधून येणारे ४८ व्होल्ट पुरतात, म्हणून तांब्याची लाइन असलेल्या घरात एक जुना फोन जोडून ठेवावा. अंधारात ११२ फिरवायला तोच कामी येतो. फायबरच्या घरी ही सोय नाही. तिथे मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत; एकच घेऊन उपयोग नाही.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्याआधी दोन्ही वायरी काढाव्यात. नुसता प्लग काढून भागत नाही, कारण बाहेरून आलेल्या टेलिफोनच्या तारेतूनही झटका आत येतो. हँडसेटवर बोलणाऱ्याला तारेचा धोका नसतो, पण बेस जळतो.

लहरींची भीती अनेकांना असते. बोलताना डेक्ट हँडसेटची सरासरी शक्ती सुमारे १० मिलिवॅट, म्हणजे मोबाइलच्या कमाल शक्तीपेक्षा खूपच कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात ठेवले आहे. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून वापर करावा. बेस उशाशी ठेवण्याचे तसेही काही कारण नाही.

जुन्या संचांतल्या निकेल-कॅडमियम सेलमधला कॅडमियम विषारी असतो. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत, आणि संच कुणाला देण्याआधी त्यातली नंबरांची यादी पुसून टाकावी.