लाइव्ह रॉक आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीचे सायकलिंग

नव्याने भरलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी, माशांच्या उत्सर्गातील अमोनिया पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पुरेशी वाढ करून घेण्याच्या क्रियेस सायकलिंग म्हणतात. लाइव्ह रॉक म्हणजे मृत प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेले सच्छिद्र, चुनखडीयुक्त तुकडे. दगड स्वतः निर्जीवच असतो. त्याच्या पृष्ठावर आणि छिद्रांत जीवाणू, शैवले, स्पंज, कृमी व बारीक कवचधारी प्राणी वस्ती करून असतात. ही वस्ती दगडासकट टाकीत आणली की फिल्टरचे बरेचसे काम तीच करते. जकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अशा खडकांवर व हवेच्या बुडबुड्यांवर चालणाऱ्या टाकीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी तिला स्किमर (फेसातून पाण्यातला सेंद्रिय मळ काढणारे यंत्र) व प्रखर दिवे यांची जोड दिली. आज प्रचलित असलेली पद्धत बहुतांशी त्या बर्लिन पद्धतीवरच उभी आहे.

बडोद्यात गोड्या पाण्याच्या टाक्या जुन्याच. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून गोल्डफिश पाळलेली माणसे सहज भेटतात. खाऱ्या पाण्याकडे वळल्यावर याच अनुभवी माणसांचा पहिला अंदाज चुकतो, कारण पाणी स्वच्छ दिसले की टाकी तयार झाली असे ते धरून चालतात. अमोनियाला रंग नसतो, आणि घातक प्रमाणाइतका असला तरी तो नाकाला जाणवत नाही.

अमोनियाचा प्रवास

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात: विद्युतभार असलेले अमोनियम आणि भाररहित अमोनिया. दुसरे रूप कल्ल्यांतून सहज आत शिरते व तेच विषारी. सामू (pH) ७ असताना एकूण अमोनियात त्याचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. समुद्राच्या पाण्यासारखा सामू ८.२ असला तर तो २५ अंश सेल्सिअसला सहा-सात टक्क्यांवर जातो. गोड्या पाण्यातील माशाने निभावून नेलेली चूक खाऱ्या पाण्यातील माशाला महागात पडते, ती या कारणाने.

अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव वेगवेगळे असतात, हे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवले. पहिल्या टप्प्यासाठी नायट्रोसोमोनास आणि दुसऱ्यासाठी नायट्रोबॅक्टर अशी जोडी हौशी पुस्तकांतून अनेक वर्षे पाठ करून घेतली गेली. चित्र त्याहून गुंतागुंतीचे आहे. दुसऱ्या टप्प्यात टाक्यांमध्ये नायट्रोस्पायरा गटाचे जीवाणू अधिक महत्त्वाचे असल्याचे १९९० च्या दशकातील अभ्यासांतून दिसले. पहिल्या टप्प्यात जीवाणूंच्या जोडीला आर्किया नावाचे अगदी वेगळे सूक्ष्मजीवही असतात. समुद्रातील अमोनिया वापरणारा पहिला आर्किया, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये वेगळा करण्यात आला, आणि तो मिळाला अमेरिकेतील सिएटलच्या मत्स्यालयातील खड्यांवर. महासागरांत सर्वत्र पसरलेल्या जीवाची ओळख माशांच्या टाकीने करून द्यावी, ही गंमतच.

हे सारे जीव सावकाश वाढतात. दूध नासवणारे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. यांना अर्धा दिवस ते एक-दोन दिवस लागतात. सायकलिंगचे आठवडे इथून येतात. शिवाय अमोनिया वापरणारे आधी वाढतात, मग त्यांनी तयार केलेल्या नायट्राइटवर दुसरा गट पोसतो. म्हणून आधी अमोनिया चढून उतरतो, नंतर नायट्राइट चढते, आणि नायट्राइट रेंगाळते ते बराच काळ. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत येऊ देत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात नायट्राइटची भीती गोड्या पाण्याइतकी नाही.

लाइव्ह रॉकचे वैशिष्ट्य यापुढचे. खडकाच्या आत खोलवर प्राणवायू जवळजवळ पोचत नाही. तेथील जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू मोकळा करतात. साखळी अशी पुरी होते. मात्र या क्षमतेची जाहिरात प्रत्यक्षापेक्षा मोठी केली जाते. भरपूर माशांच्या टाकीत तेवढ्यावर नायट्रेट आटोक्यात राहत नाही, पाणी बदलावेच लागते.

खडक आणायचा कुठून

येथे भारतातील हौशी माणसाची वाट परदेशी मार्गदर्शनापासून वेगळी होते. चुनखडीचा सांगाडा बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गुजरातेतील प्रवाळ कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला, १९८२ मध्ये घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आढळतात. तिथल्या पिरोटन बेटावर फिरायला गेल्यावर ‘एकच तुकडा’ पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे, तुकडा मेलेला असला तरीही. हे कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने आयात केलेल्या खडकालाही कागदपत्रे लागतात. दुकानदार ती दाखवायला टाळाटाळ करत असेल तर खडक कितीही सुंदर असो, घेऊ नये.

त्यामुळे बडोद्यात सरळ मार्ग कोरड्या खडकाचा. यात मानवनिर्मित, सच्छिद्र खडक येतो किंवा स्वच्छ चुनखडीचा दगड. सौराष्ट्रातील पोरबंदरी दगड हा सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्यापासून बनलेला चुनखडकच आहे. रसायनाच्या दृष्टीने तो चालण्याजोगा, पण इमारतीसाठी कापलेल्या लादीत माशांना शिरायला कपारी नसतात आणि वजन मात्र भरपूर. कोणत्याही दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे; फेस आला तर दगड चुनखडीचा. गंजाचे डाग किंवा रंगाचा अंश असलेला दगड नको. सिमेंट वापरून घडवलेला खडक काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, त्याचा अतिरिक्त क्षार काढून टाकावा लागतो. नाहीतर सामू भलताच चढतो.

कोरड्या खडकात जीव नसतो, म्हणून चालू टाकीतला मूठभर खडक किंवा वाळू विरजणासारखी लावतात. असा तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्मोकोलच्या डब्यात घालून मुंबईहून रात्रीच्या गाडीने आणला तरी त्यावरचे जीवाणू टिकतात. स्पंज मात्र हवेत काढल्यावर मरू लागतात. प्रवासात मेलेले जीव टाकीत कुजून अमोनियाची लाट येते. म्हणून असा खडक आधी वेगळ्या टबात, अंधारात, खाऱ्या पाण्याच्या जोरदार प्रवाहात ठेवतात. पांढुरके, बुळबुळीत भाग ब्रशने काढतात आणि सडका वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलतात. याला क्युअरिंग म्हणतात. तो वास घरात सहन होत नाही, गच्ची किंवा मागचा ओटाच बरा. याच मुक्कामात खडकातले नको ते पाहुणेही उघडे पडतात: टकटक आवाज करणारा मँटिस श्रिंप, किंवा तपकिरी, लहानशा फुलासारखा दिसणारा एप्टेशिया. एप्टेशिया खरवडून काढण्याच्या फंदात पडू नये, त्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवा जीव उभा राहतो.

खडक किती घ्यावा? जुना हिशेब लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम असा होता, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत २४ ते ४८ किलो. खडक हलका व सच्छिद्र असेल तर त्याहून कमीत भागते. तो वाळूवर न ठेवता तळावर टेकवावा, वाळू नंतर घालावी. वाळू उकरणारे मासे पुढे ढीग कोसळवतात.

पाणी, मीठ आणि मे महिना

खंभातचे आखात बडोद्यापासून जवळ आहे, म्हणून तिथलेच पाणी आणावे असे नवख्याला वाटते. त्या आखातात मही, साबरमती, नर्मदा व तापी यांचे गोडे पाणी येते, प्रचंड भरती-ओहोटीने गाळ सतत ढवळलेला असतो, आणि बडोद्याच्या औद्योगिक पट्ट्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणीही तिकडेच जाते. ते पाणी टाकीच्या उपयोगाचे नाही.

आगरातले मीठही नाही. देशातील बहुतेक मीठ गुजरातेत पिकते, पण आगरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. ते पुन्हा पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. तयार मरीन सॉल्टच घ्यावे. १०० लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो. लक्ष्य असते ते हजारी ३५ भाग खारेपणाचे, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे.

शहराला अजवा सरोवर, महीकाठच्या विहिरी आणि नर्मदा कालवा यांतून पाणी मिळते. क्लोरीन तर त्यात असतेच. नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकाही कमीअधिक असू शकतात. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असा अनेकांचा समज असतो. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळतात किंवा खनिजे परत घालतात, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य येत नाही. आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय राळेचा टप्पा असलेले यंत्र लागते. पाणी ओतायला तांब्याची कळशी किंवा पितळी तोटी चालणार नाही, कारण तांब्याचा अल्प अंशही गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळांना मारतो. डासांचा फवारा त्या खोलीत मारू नये. त्यातील पायरेथ्रॉइड द्रव्ये कवचधाऱ्यांना फार घातक असतात.

बडोद्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि टाकीला लागतात २४ ते २७ अंश. सायकलिंग मात्र तिशीच्या आसपासही चांगले चालते, जीवाणूंना ती ऊब मानवते. अडचण प्राणवायूची: २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्ची पडतो. प्रवाह जोराचा हवा आणि पृष्ठभाग खळबळता. वीज गेल्यास निदान हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा. काठावर लावलेला पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो, पण बाष्पीभवनाने पाणी घटते आणि मीठ तेवढेच राहते. १०० लिटरमधून रोज तीन लिटर उडाले, तर खारेपणा एका दिवसात ३५ वरून ३६ वर जातो. काचेवर खूण करून तेवढे गोडे पाणी रोज घालावे, खारे नव्हे. मासे आल्यावर एप्रिलपासून चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच; त्याचा खर्च आधीच गृहीत धरावा.

प्रत्यक्ष क्रम

मीठ एक दिवस ढवळून पूर्ण विरघळल्यावर खडक, मग वाळू, मग लाट निर्माण करणारे पंप. दिवे बंदच ठेवावेत. या काळात प्रकाशाने फक्त शैवल पोसते. क्युअर झालेला लाइव्ह रॉक असेल तर जीवाणू तयारच असतात, आणि काही दिवसांतच टाकी चाचणीला उतरते. कोरड्या खडकाला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात.

जीवाणूंना खायला अमोनिया द्यावा लागतो. कच्च्या कोळंबीचा तुकडा टाकून कुजू देणे ही जुनी रीत. तीत अमोनिया किती तयार होतो याचा अंदाज नसतो, वास येतो, आणि शाकाहारी घरात तर तो विषयच निघत नाही. अमोनियम क्लोराइड उत्तम. १०० लिटरला ०.६ ग्रॅम घातले की अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅम होतो. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण बाजारी नवसागरात धातूंचे अंश असू शकतात. प्रयोगशाळेच्या दर्जाची पुडी घ्यावी. पाच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, जास्त अमोनिया जीवाणूंनाच अडवतो. मासा सोडून त्याच्याकडून अमोनिया करवून घेण्याची पद्धत अजून सांगितली जाते. ती क्रूर आहे, आणि पुडी मिळत असताना निरर्थकही.

अमोनियाच्या चाचणीत रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो. नायट्रेटची चाचणी घाईने करण्यात अर्थ नाही. त्या किटमध्ये नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग रंग मोजतात, त्यामुळे पाण्यात नायट्राइट शिल्लक असेतो आकडा फुगलेला दिसतो.

मध्येच सारे थांबल्यासारखे झाले तर सामू पाहावा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचताना सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे सामू घसरू न देणारी पाण्याची ताकद (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात), संपते. समुद्राच्या पाण्यात ती लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. अमोनियाच्या चार-पाच मात्रांत तिच्यातली निम्मी जाऊ शकते. थोडे पाणी बदलणे किंवा मोजून खाण्याचा सोडा घालणे एवढ्याने गाडी पुढे सरकते.

टाकी तयार झाल्याची कसोटी एकच: दोन मिलिग्रॅमची मात्रा घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यावेत. किती आठवडे झाले, बाटलीतले जीवाणू किती घातले, दुकानदार काय म्हणाला, यांपैकी काहीच या चाचणीच्या जागी चालत नाही. त्यानंतर पाण्याचा मोठा हिस्सा बदलून साचलेले नायट्रेट उतरवतात. मासे यायला उशीर असेल तर अधूनमधून थोडा अमोनिया देत राहावा, नाहीतर वाढवलेली वस्ती उपासाने मंदावते.

दिवे लावल्यावर खडकावर आणि वाळूवर तपकिरी साय धरते. ते डायाटम, म्हणजे सिलिकावर पोसणारी सूक्ष्म शैवले; सिलिका संपली की ओसरतात. मागोमाग हिरवे शैवल येते, तेव्हा गोगलगायी सोडाव्यात. जांभळट-गुलाबी कोरलाइन शैवल बरेच उशिरा दिसू लागते, आणि कोरड्या खडकावर तर बाहेरून त्याचे बीज आल्याशिवाय येतच नाही.

पहिले मासे एक-दोनच, क्लाउनफिशसारखे काटक. प्रत्येक नव्या माशानंतर तीन-चार दिवस अमोनिया तपासावा, कारण जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या बेताने वाढते. मँडरिन मासा मात्र रंग पाहून लगेच घेऊ नये. तो खडकावरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी प्राणी) दिवसभर टिपत असतो, बहुधा तयार खाद्याला तोंड लावत नाही, आणि कोपेपॉडची पुरेशी पैदास व्हायला कित्येक महिने जातात. नुकत्याच सायकल झालेल्या टाकीत अमोनिया शून्य असतानाही तो उपासमारीने मरतो.